तवा उतरल्यावर : आमच्या घरातल्या एकत्र जेवणाचं प्रकरण

भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहायची आमच्या घरची जुनी पद्धत आहे. यंदाच्या जूनमध्ये त्याच चौकटींत, दुधाच्या आकड्याखाली, मी छोटे गोल काढायला सुरुवात केली. रात्री जेवलेल्या प्रत्येकाचा एक गोल, आणि जे एका वेळी जेवले त्यांचे गोल रेघेने जोडायचे. घरात माणसं पाच. चौदा दिवसांनी पाहिलं, तर पाचही गोल जोडलेली चौकट एकच होती. एका रविवारची.

त्या चौदा चौकटींपासून ऑगस्टअखेरपर्यंत आमच्या घरात काय काय झालं ते इथे मांडते आहे. सगळ्यांनी मिळून जेवावं असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यासाठी संध्याकाळी सात ते नऊमध्ये कोणाचं काय हलवावं लागतं, हे आम्हाला ठेचकाळत शिकावं लागलं. दुसऱ्या कुणाच्या घरी त्यातलं थोडं जरी उपयोगी पडलं तरी मला हवं आहे, म्हणून बारीकसारीक तपशिलासकट लिहिते.

घर आणि घरातल्या वेळा

आम्ही डोंबिवलीत राहतो. माझी नोकरी फोर्टमध्ये. सहाला ऑफिस सुटलं आणि सीएसएमटीहून फास्ट लोकल नीट मिळाली, तर साडेसात-पावणेआठला मी घरात. नवरा एमआयडीसीतल्या कारखान्यात तीन पाळ्यांत काम करतो : सकाळी ७ ते ३, दुपारी ३ ते ११, रात्री ११ ते ७. पाळी दर आठवड्याला बदलते. मुलगा दहावीत, त्याचा क्लास तेव्हा संध्याकाळी ७ ते ९. मुलगी सहावीत. सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या, मधुमेह आहे, गुडघे दुखतात, त्यामुळे खाली मांडी घालून बसता येत नाही.

जूनमधली आमची रात्र अशी असायची. आई (सासूबाईंना मी आईच म्हणते) आठ वाजता गोळी घेऊन टीव्हीसमोर ताट घेऊन बसायच्या. मुलगी त्यांच्याशेजारी, मांडीत ताट, डोळे पडद्यावर. मुलगा सव्वानऊला यायचा, ताट घेऊन आतल्या खोलीत जायचा आणि मोबाइल डब्याला टेकवून जेवायचा. नवरा ज्या पाळीत असेल तसा. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात तो साडेअकराला घरी यायचा आणि मी तोवर जेवायची थांबायची. जेवणाचं टेबल होतं, पण त्यावर मुलाची गाइडं, इस्त्रीचे कपडे आणि विजेची बिलं. चार खुर्च्यांपैकी दोन तर कायमच्या कपड्यांच्याच झालेल्या.

भांडण कुणाचं नव्हतं आणि उपाशीही कुणी नव्हतं. पण एका शनिवारी लक्षात आलं की मुलाने गणिताच्या चाचणीचा पेपर आठवडाभर दप्तरात दडवला होता, आणि त्या आठवड्यात आम्ही दोघं एकदाही समोरासमोर बसलो नव्हतो. गोल काढायला लागले ते त्यानंतर.

पहिला प्रयत्न

पहिला उपाय मला सुचला तो सरळ होता. मुलगा सव्वानऊला येतो, तर सगळ्यांनी साडेनऊला बसू. नवऱ्याची तेव्हा पहिली पाळी होती, तो घरी होता. टेबल आवरलं, पाचवं माणूस बसायला बाथरूमजवळचं स्टूल पुसून आणलं. तीन दिवस बरं चाललं.

चौथ्या दिवशी, जुलैच्या पहिल्या आठवड्यातल्या गुरुवारी, नऊच्या पुढे आई दिव्याच्या वाती वळत बसल्या होत्या. चाळीस-पन्नास वर्षांचा हात, टीव्ही बघता बघता वळतात. मुलगी म्हणाली, "आई, आजीची वात बघ, वळतच नाहीये." कापूस बोटांत नुसता फिरत होता. बोटं थरथरत होती, कपाळावर घाम. मशीनवर साखर बघितली तर ६१. सत्तरच्या खाली गेली की लगेच काहीतरी गोड द्यायचं, हे डॉक्टरांनी आधी सांगून ठेवलं होतं. अर्धा कप पाण्यात तीन चमचे साखर ढवळून दिली. पंधरा मिनिटांनी परत बघितली, ९४. मग जेवायला वाढलं.

झालं होतं ते असं. गोळी सवयीने आठलाच घेतली होती आणि जेवण मात्र आमच्यासाठी दीड तास पुढे ढकललं होतं. मी विचारलं, भूक लागली असताना सांगितलं का नाही? त्या म्हणाल्या, "अगं, सगळी मिळून बसायचं म्हणत होतीस ना तू, म्हणून थांबले."

त्या वाक्याने मला फार लागलं. सगळ्यांना एकत्र आणायची घाई मला होती आणि त्याची किंमत घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस बोलून न दाखवता चुकवत होतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या : आईंच्या जेवणाची वेळ रोज तीच ठेवा, आणि गोळी घड्याळ बघून देऊ नका, ताट समोर आल्यावर द्या. हे त्यांच्या गोळीपुरतं झालं. प्रत्येकाची गोळी वेगळी असते, ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांना विचारावं.

म्हणजे हिशेब उलटा मांडायचा होता. ज्याची वेळ हलू शकत नाही त्याच्यापासून सुरुवात करायची आणि बाकीच्यांनी त्याच्याकडे यायचं. आईंची मालिका आठ ते साडेआठ. ती मोडायची नाही हे मी आधीच ठरवलं होतं, कारण दिवसभर घरात एकट्या असणाऱ्या माणसाचा तो अर्धा तास आहे. वेळ ठरली साडेआठ. साडेआठची दुसरी मालिका आईंनी आपणहून सोडली. मुलगी ती दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना मोबाइलवर लावून देते.

मुलाचा क्लास हलवावा लागला. संध्याकाळी साडेपाच ते साडेसातची बॅच होती. त्याचा मित्र सातच्या बॅचला होता, म्हणून तो दोन दिवस रुसला. आजीची वात वळत नव्हती ते मुलीने त्याला सांगितलं तेव्हा काही न बोलता त्याने बॅच बदलली.

कॅलेंडरपाशी

वेळ ठरली, तरी काहीतरी अडत होतं. रोज साडेआठला चौघं टेबलाशी असायची आणि तरी जेवण झाल्यासारखं वाटायचं नाही. काय ते मला कळत नव्हतं. मुलगी जुने गोल मोजत उभी होती, जूनच्या त्या एकुलत्या रविवारवर बोट ठेवून म्हणाली, "आई, हा तुझा गोल चुकलाय. तू तव्यापाशी होतीस. आम्ही उठल्यावर तू बसलीस."

खरं होतं. त्या रविवारीही मी पोळ्या करत होते आणि एकेक गरम पोळी टेबलावर पोचवत होते. म्हणजे चौदा दिवसांत पाच जण एकत्र एकदाही बसले नव्हते. आणि आता, वेळ ठरवल्यावरही, मी ओट्याशीच होते. नवरा टेबलावरून विचारायचा, "तू कधी बसतेस?" मी म्हणायची, "तुम्ही सुरू करा, दोनच राहिल्यात." या दोन पोळ्या कधी संपत नाहीत. शेवटची पोळी माझी, आणि ती होईपर्यंत पहिला माणूस हात धुवायला उठलेला.

मला या सगळ्या प्रकरणात एकच गोष्ट ठासून सांगायची आहे. मराठी घरात एकत्र जेवण घड्याळापाशी अडत असेलही, पण जास्त अडतं ते तव्यापाशी. गरमागरम तव्यावरची पोळी वाढणं हे आपल्याकडे मायेचं सगळ्यात मोठं माप आहे, आणि त्या मापामुळेच एक माणूस कायम पंगतीबाहेर राहतं. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ८८, असं आलं आहे. त्या २८९ मिनिटांतली कितीतरी नेमकी तेव्हाची असतात जेव्हा बाकीचं घर जेवत असतं. पूर्वी आधी पुरुषांची पंगत, मग बायकांची. ती रीत गेली असं आपण समजतो. आमच्याकडे ती गेली नव्हती, तिच्यात माणूस एकच उरलं होतं इतकंच.

पोळ्यांचं काय केलं

आईंना पटवणं सगळ्यात अवघड गेलं, आणि ते अवघड असणं मला समजत होतं. पोळ्या आधी करून डब्यात ठेवू म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "घरच्या माणसांच्या पानात गार पोळी वाढायची?" सासरे रेल्वेत होते. ड्यूटीवरून कधीही यायचे आणि आईंनी त्यांच्यासाठी कणकेचे दोन गोळे ओल्या फडक्याखाली झाकून ठेवलेले असायचे. ते पाटावर बसले की तवा चढायचा. चाळीसेक वर्षं असं केलेल्या बाईला डब्यातली पोळी म्हणजे हयगय वाटणारच. मी वाद घातला नाही. "आई, तुम्ही बाबांबरोबर कधी जेवलात?" एवढंच विचारलं. त्या बराच वेळ आठवत राहिल्या. मग म्हणाल्या, "कुणाच्या लग्नात वगैरे जेवलो असू."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच डबा काढला. पोळी डब्यात मऊ राहण्याच्या युक्त्याही त्यांनाच माहीत होत्या. कणीक थोडी सैल, मळून निदान अर्धा तास झाकून ठेवायची. घडीला तेल हात राखून लावायचं नाही. भाजल्यावर पोळी क्षणभर जाळीवर टाकून वाफ जाऊ द्यायची, मग डब्यात. डब्याच्या तळाला आणि वरून सुती फडकं, नाहीतर वाफेचं पाणी सुटून खालच्या दोन चिकट होतात.

कामं वाटली ती अशी. कणीक आई सातच्या आत टेबलाशी खुर्चीवर बसून मळतात. त्यांच्या हातात अजून जोर आहे, पायांत नाही. कुकर सव्वासातला मुलगी लावते, वरण-भात एकत्र. भाजी मी लोकलमध्येच अर्धी केलेली असते. मेथी निवडून, गवार मोडून, मटार सोलून पिशवीत. बायकांच्या डब्यात हे पूर्वीपासून चालत आलेलं आहे, मी आधी झोपायची, आता निवडते. घरी आल्यावर मी लाटते आणि मुलगा भाजतो. पहिल्या आठवड्यात त्याने पोळ्या पापडासारख्या केल्या. मग त्याला आजीने कडेला उभं राहून सांगितलं की बुडबुडा आला की उलट, दुसऱ्यांदा उलटल्यावर मग फडक्याने दाब. आता दोघं मिळून चौदा पोळ्या पंचवीस मिनिटांत होतात. सव्वाआठनंतर तवा उतरलेला असतो.

एक गोष्ट अनुभवाने कळली, ती मुद्दाम सांगते. काही पदार्थ करणाऱ्याला बसू देतात आणि काही उभं ठेवतात. थालीपीठ, घावन, धिरडी, डोसे, पुऱ्या, भाकरी : यांची चव तव्यावरून किंवा कढईतून थेट पानात येण्यात आहे, म्हणून एकाला उभं राहावंच लागतं. खिचडी-कढी, मसालेभात, पिठलं-भात, वरणफळं, उसळ-भात हे आधी करून झाकून ठेवता येतात. आम्ही पहिली यादी रविवारच्या न्याहारीला नेली, तेव्हा आळीपाळीने तव्यापाशी उभं राहतो. मंगळवारी आणि शुक्रवारी पोळ्याच नाहीत. मुलांना वरणफळं इतकी आवडतील असं मला वाटलं नव्हतं.

टेबलाचा नियम आईंमुळे झाला. बसल्या तरी त्या उठायच्या. मीठ राहिलं, तूप राहिलं, लिंबू चिरायचं राहिलं. पाच मिनिटांत चारदा, तेही दुखऱ्या गुडघ्यांनी. मुलाने एक दिवस ओट्यावरचं सगळंच उचलून टेबलावर आणलं : मिठाची वाटी, तुपाचं भांडं, लोणच्याची बरणी, पाण्याचा तांब्या, भात, वरण, कोशिंबीर, पोळ्यांचा डबा. दाटी झाली. पण हात लांब केला की सगळं मिळतं, उठायला कारण उरत नाही. मोबाइल फ्रिजवर. नवऱ्याचा फोन तेवढा वाजू देतो, कारखान्यातून बोलावणं येऊ शकतं.

दुसऱ्या पाळीचा आठवडा

तीनातला एक आठवडा नवरा रात्री नसतोच, आणि त्यावर उपाय नाही. दुपारी सव्वादोनला तो निघतो तेव्हा मुलं नुकतीच शाळेतून येत असतात आणि मी ऑफिसात. सुरुवातीला मला वाटायचं, तो नाही तर कसलं एकत्र. मग एक अभ्यास वाचनात आला : 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात २०११ मध्ये हॅमन्स आणि फीस या संशोधकांनी १७ अभ्यासांची, मिळून १ लाख ८२ हजारांवर मुलांची, माहिती एकत्र तपासली. आठवड्यातून तीन किंवा जास्त वेळा घरच्यांबरोबर जेवणाऱ्या मुलांचा आहार बरा आणि वजनाच्या तक्रारी थोड्या कमी, असा संबंध त्यांना आढळला. एकामुळेच दुसरं होतं असं त्यातून सिद्ध होत नाही, हेही खरं. पण तीन हा आकडा वाचून माझ्यावरचं ओझं उतरलं. रोज नाही जमलं म्हणून सगळं फसलं असं मी धरत होते.

तेव्हा दुसऱ्या पाळीत चौघंच बसतात. त्याच्यासाठी उपाशी थांबणं मी बंद केलं. साडेअकराला जेवून लगेच झोपल्याने मला रात्रभर आंबट ढेकर यायचे, ते थांबले. तो आल्यावर मी ताट वाढून कपभर दूध घेऊन समोर बसते. पंधरा मिनिटं. दिवसभरातलं आमचं दोघांचं बोलणं तेव्हा होतं.

सहा आठवड्यांचे गोल

जुलैच्या मध्यापासून ऑगस्टअखेर सहा आठवडे, ४२ रात्री. त्यात नवऱ्याची दुसरी पाळी दोन आठवडे. उरलेल्या २८ रात्रींपैकी १७ रात्री पाचही जण, शेवटपर्यंत, बसून जेवले. दुसऱ्या पाळीच्या १४ पैकी ९ रात्री चौघं. हुकलेल्या रात्रींची कारणं चौकटीतच लिहिली आहेत : ऑफिसात उशीर, मुलाचा ताप, लग्नाचं रिसेप्शन, आणि सगळ्यात जास्त वेळा लोकल.

त्यातली जुलैची एक रात्र मला महत्त्वाची वाटते. शीव-कुर्ल्याच्या मध्ये रुळांवर पाणी, गाड्या एकामागे एक उभ्या. मी घरी पोचले साडेदहाला. पूर्वी अशा रात्री घरात कुणी बिस्किटं खायचं, कुणी बाहेरून मागवायचं, आई दूध-पोहे खायच्या. त्या रात्री नवऱ्याने पिठलं-भात केला, साडेआठला चौघं टेबलाशी बसली, आईंनी ताट बघून गोळी घेतली. मला गाडीत फोन आला तो पिठल्यात गुठळ्या झाल्या तर काय करायचं हे विचारायला. कॅलेंडरवर चार गोल जोडलेले, माझा वेगळा. तो वेगळा गोल मला खटकला नाही.

बोलण्याचं म्हणाल, तर पहिले काही दिवस टेबलावर शांतताच होती. मोबाइल नाही, टीव्ही नाही, मग करायचं काय, असे चेहरे. मी "आज शाळेत काय झालं?" विचारायची आणि उत्तर यायचं, "काही नाही." आई मात्र असं विचारतच नाहीत. त्या स्वतःचं सांगतात : आज वाण्याकडे काय झालं, पूर्वी या गल्लीत विहीर कुठे होती, सासऱ्यांना पहिला पगार किती मिळाला. त्याला धरून मुलं बोलायला लागतात. ऑगस्टमधल्या एका रात्री आई सांगत होत्या की शाळेत गणितात त्या एकदा नापास झाल्या आणि प्रगतिपुस्तक त्यांनी तांदळाच्या डब्यात लपवलं होतं. मुलगा खाली बघत म्हणाला, "आजी, मला पण परवाच्या चाचणीत वीसपैकी सात आलेत." नवऱ्याने घास खाली ठेवला. मी त्याच्याकडे बघितलं, तो काही बोलला नाही. आई म्हणाल्या, "मग पेपर आण उद्या, मला दाखव काय चुकलं ते. आधी भात घे." दुसऱ्या दिवशी पेपर टेबलावर आला. दप्तरात राहिला नाही.

आईंची एक सवय अजून सुटलेली नव्हती. डबा उघडला की त्या वरच्या पोळ्या बाजूला सारून तळातली घ्यायच्या, सगळ्यात आधी भाजलेली, सगळ्यात गार. गेल्या आठवड्यात मुलीने डबाच उलटा करून ताटलीत ओतला आणि म्हणाली, "आता बघू आजी तळातली कशी घेते." त्या दिवशी आईंनी वरची घेतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तळातली.

आता पुढचं. डिसेंबरपासून दहावीच्या सराव परीक्षा सुरू होतील आणि क्लासने त्या संध्याकाळी सात ते साडेनऊ ठेवायचं ठरवलं आहे. आईंचं जेवण साडेआठलाच राहणार. म्हणून आम्ही असं ठरवलं आहे की त्या महिन्यांत मंगळवार, शुक्रवार आणि रविवार पक्के धरायचे, बाकी दिवशी मुलाचं ताट झाकून ठेवायचं आणि तो जेवताना कुणीतरी एकाने समोर बसायचं. शुक्रवारची परीक्षा सकाळी घेता येईल का, हे त्याने आपणहून क्लासमध्ये विचारलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही.